आधी गिऱ्हाईक, मग इमारत

(दर्यापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाऊसाहेब देशमुखांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहिलं की शेती, शिक्षण, सहकार हे विषय आपसूक समोर येतात. मला मात्र कार्यकर्त्यांनी फोनवर विषय सांगितला तो एका वाक्यात: "दर्यापुरात आयटी येईल काय?" आणि वर पुस्ती जोडली, "पॉझिटिव्ह बोलजा जरा, सर." प्रयत्न करतो. पण प्रश्नच थोडा बदलून घ्यावा लागेल, कारण वऱ्हाडात माहिती तंत्रज्ञान येऊन दीडशे वर्षं होऊन गेली आहेत.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर गेली. रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला, रेल्वेचा फाटा सुरू करायला. त्याच वर्षी मुंबई ते सुएझ अशी समुद्राखालची तार पूर्ण झाली आणि लिव्हरपूलचा भाव जहाजाची वाट न पाहता हिंदुस्थानात येऊ लागला. ही त्या काळची आयटीच होती. मुंबईहून तो भाव वऱ्हाडातल्या मोठ्या बाजारांतल्या पेढ्यांवर पोचायचा. पेढीसमोर बैलगाडी उभी करून बसलेल्या शेतकऱ्याला तो कळायचा, पण पेढीवाला सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढाच. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर अरुंद रूळ पडले. तुमचं बनोसा स्टेशन त्याच 'शकुंतला' रेल्वेच्या मार्गावरचं. रूळ माल न्यायला आले होते. त्यांच्यामुळे इथे एखादी सूतगिरणी उभी राहावी, असं रूळ टाकणाऱ्यांच्या डोक्यात नव्हतं आणि तशी त्यांची जबाबदारीही नव्हती.

म्हणून माझा प्रश्न असा: तंत्र येतंच, पण ते चालवणारं, दुरुस्त करणारं आणि विकणारं माणूस कुठलं असतं?

या भागातल्या एका जिनिंगवरचा प्रसंग सांगतो. हंगाम भरात होता, फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या. वजनकाट्याच्या खोलीत कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. भरलेल्या गाडीचं वजन पडलं, पण पावती निघेना. काट्यावरचा पोरगा दोनदा मशीन बंद-चालू करून बसला, मग त्यानं सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. सॉफ्टवेअरवाला परराज्यातला. त्यानं 'एनीडेस्क'चा नंबर मागितला आणि दूर कुठेतरी बसून इथल्या पडद्यावरचा बाण फिरवायला लागला. पोरगा हाताची घडी घालून तो बाण बघत होता. अर्ध्या तासानं पावती निघाली. दर वर्षी त्या सॉफ्टवेअरचे मेंटेनन्सचे पैसे जातात. पैसे गेल्याचं दुःख मोठं नाही. तो पोरगा बीसीए झालेला होता, आणि दोष कुठे होता हे त्याला त्या अर्ध्या तासात कोणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. माझं आयुष्य शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला ते जास्त लागलं.

'क्लस्टर' हा शब्द हल्ली प्रत्येक सरकारी योजनेत असतो. त्याचा अर्थ तुम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. अकोटला किंवा खामगावला जिनिंग का टिकली? एकेका मालकाच्या हुशारीवर नाही. रोलर दुरुस्त करणारा मिस्त्री तिथे हाकेच्या अंतरावर, सरकी उचलणारा तेलवाला जवळ, गाठींचा दलाल चहाच्या टपरीवर भेटणार, हंगामी मजुराला कोणत्या जिनात काय हजेरी आहे ते ठाऊक. एका जिनातला फिटर रुसला तर दुसऱ्यात जातो आणि जाताना आपली अक्कलही घेऊन जातो. अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1890 मध्ये हेच लिहून ठेवलं होतं. एकाच धंद्याची माणसं एका गावात राहिली की त्या धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, पोरंसोरं ती नकळत शिकतात. सॉफ्टवेअरचंही काही वेगळं नाही. इमारत, वातानुकूलन, काचा हे सगळं नंतरचं. आधी लागतात एकमेकांच्या कामाला लागणारी माणसं, आणि त्यांना काम देणारं गिऱ्हाईक.

आज एवढं एकच सांगायला आलोय: पहिलं गिऱ्हाईक.

टाटांची टीसीएस घ्या. 1968 साली ती सुरू झाली तेव्हा परदेशातून कामं धावत आली नव्हती. सुरुवातीचं काम टाटांच्याच पोलाद कारखान्याचं, टिस्कोचं, पंचकार्डांवरचं. मग सेंट्रल बँकेच्या शाखांमधले हिशेब जुळवून देण्याचं. म्हणजे घरचं आणि शेजारचं गिऱ्हाईक. त्या कामावर हात बसला आणि मग साता समुद्रापलीकडचा ग्राहक आला. इन्फोसिसची गोष्ट तर पुणेकरांना आजही बोचते. 1981 मध्ये ती पुण्यात जन्मली आणि 1983 मध्ये बंगळूरला गेली. का गेली? हवा थंड म्हणून नव्हे. देशातलं तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक, मायको कंपनी, बंगळूरला होतं. गिऱ्हाईक जिथे, कंपनी तिथे. बंगळूरला मायकोच्या आधीपासून एचएएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आयटीआय, एचएमटी असे सरकारी कारखाने होते. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली ती या सगळ्या तयार वातावरणात. पुण्यातही हिंजवडीचं पार्क सगळ्यांत शेवटी आलं. त्याआधी टेल्को होती, बजाज होती, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा होत्या, 1854 पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय होतं.

आणि 1988 पासून सीडॅक होतं. इथे मला जरा थांबू द्या, कारण ही कथा इथून तासाभराच्या अंतरावर सुरू होते. डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, जन्म 1946 चा. अमेरिकेनं भारताला हवा तो क्रे महासंगणक विकायला खळखळ केली, तेव्हा सरकारनं ठरवलं की आपण आपला बांधायचा. पुण्यात सीडॅक स्थापन झालं, भटकरांनी नेतृत्व केलं आणि 1991 मध्ये 'परम 8000' उभा राहिला. या गोष्टीकडे आपण नेहमी बुद्धिमत्तेचा विजय म्हणून बघतो. बुद्धिमत्ता होतीच. पण 'आम्हाला हवा आहे, आम्ही पैसे देतो, तुम्ही बांधा' असं म्हणणारं गिऱ्हाईकही होतं. नाहीतर मुरंब्याचा हुशार मुलगा परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत मानानं निवृत्त झाला असता आणि आपण त्याचा सत्कार करून मोकळे झालो असतो.

सीडॅकचं दुसरं देणं आपल्या घराघरात आहे. "पोरगं पुण्याले गेलं, सीडॅक केलं, लागलं" हे वाक्य या तालुक्यात किती आईबापांनी अभिमानानं म्हटलं असेल! बडनेऱ्याचं, शेगावचं, अकोल्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 मधलं. अमरावतीचं शासकीय महाविद्यालय तर 1964 चं. म्हणजे माणसं तयार करण्यात आपण पुण्याच्या फार मागे नव्हतो. तयार केली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिली.

2020 मध्ये ती सगळी एकदम परत आली. टाळेबंदीत दर्यापूर-अंजनगावच्या गच्च्यांवर, रेंज सापडेल त्या कोपऱ्यात, पोरं लॅपटॉप घेऊन बसली होती. अमेरिकेतल्या बँकांची, विमा कंपन्यांची कामं बनोशाच्या गल्लीतून होत होती. पगार इथे येत होता, खर्च इथे होत होता. कुशल माणसं गावात आणून ठेवली की आयटीचं केंद्र होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा फुकटात झालेला प्रयोग होता. निकाल काय लागला? कार्यालयं उघडली तसे बहुतेक जण गेले. मागे कंपनी राहिली नाही, धंदा राहिला नाही, एखादा शिकाऊ पोरगाही तयार झाला नाही. कारण प्रत्येक जण आपापल्या खोलीत, कानात हेडफोन घालून, दूरच्या मालकाशी जोडलेला होता. शेजारच्या गच्चीवरचा काय काम करतो हे दुसऱ्याला माहीत नव्हतं. दोघांना मिळून करायचं असं गावातलं एकही काम नव्हतं.

मागे राहिल्या त्या मुली. याबद्दल आपण सभेत बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. माझ्या वर्गातल्या उत्तम विद्यार्थ्यांत मुली कायम निम्म्याला टेकलेल्या असायच्या. त्यांतल्या कितीतरी आज याच तालुक्यांत सुना म्हणून आहेत. कोणी शिकवण्या घेते, कोणी एमएससीआयटीच्या केंद्रावर शिकवते, कोणी काहीच करत नाही. त्यांना पुण्याला जाता आलं नाही, जाऊ दिलं नाही, किंवा जायचं नव्हतं. तिन्ही प्रकार आहेत. दर्यापुरात आयटीचा धंदा उभा राहिला तर त्याचं पहिलं मनुष्यबळ हिंजवडीहून परतणारा पोरगा नसेल, ही बाई असेल. ती इथेच आहे, शिकलेली आहे, आणि सहा महिन्यांनी नोकरी सोडून बंगळूरला जाणार नाही.

महाराष्ट्रात गावपातळीवर हे कुणी करून पाहिलं आहे का? पाहिलं आहे. वारणानगरला 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. साखर कारखान्याभोवतालची सत्तर गावं, गावोगावी कॉम्प्युटरचं केंद्र. त्या वेळी देशभरातून माणसं बघायला गेली. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर शेतकरी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाचं वजन, खताचा हिशेब, बिलाची रक्कम एवढ्यासाठीच करत होते. मग काही गावांत कॉम्प्युटर काढून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं आणि ते बरं चाललं. काही लोक याला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. कारखान्याला आणि सभासदाला हिशेब हवा होता, म्हणजे गरज खरी होती, म्हणून तो प्रकल्प इतकी वर्षं जगला. कमी पडलं ते वेगळंच. ती व्यवस्था बाहेरच्यांनी बांधली आणि गावातली मुलं चालकच राहिली.

दुसरं उदाहरण तुमच्या बसस्टँडजवळच सापडेल. 2001 मध्ये एमकेसीएल ही कंपनी निघाली, तिचा एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आला. तालुक्या-तालुक्यात, स्वतःचे पैसे घालून, तरुणांनी केंद्रं उघडली. टिकली का? टिकली, कारण सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं. म्हणजे मागणीची हमी मिळाली. सरकारनं एक अट घातली आणि राज्यभर हजारो छोटे उद्योजक उभे राहिले. त्या अभ्यासक्रमाची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतात, पण या गावात पहिल्यांदा माऊस हातात धरला तो कुठे, ते त्यांनी आठवून बघावं.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, "सर, ते तामिळनाडूतलं तेनकाशी?" बरोबर. झोहो कंपनीनं 2011 मध्ये तेनकाशीजवळच्या खेड्यात छोटं कार्यालय काढलं, ते वाढलं, कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू पुढे स्वतः तिथे राहायला गेले. बारावीनंतरच्या मुलांना शिकवणारी त्यांची शाळा तर 2005 पासूनची. अनुकरणीय आहे यात वाद नाही. पण वेंबू खेड्यात गेले तेव्हा जगभरचं गिऱ्हाईक खिशात घेऊन गेले होते. आपल्याकडे तसा माणूस आला तर त्याला सोन्याच्या पाटावर बसवू. तो येईपर्यंत काय करायचं, हा आपला प्रश्न आहे. आपल्या विदर्भात नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. नागपूरला त्याचा फायदा झाला, होऊ दे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडू लागलं. म्हणून ते विमान एखादा मुंबईचा उद्योगपती दर्यापुरात उतरवेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे काम नाही का? भरपूर आहे, फक्त त्याला आपण आयटी म्हणत नाही. खारपाणपट्टा घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट, विहीर खोदून उपयोग नाही, म्हणून इथला शेतकरी पावसाच्या ओलीवर हरभरा काढतो. जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या 'पोकरा' या शेतीच्या प्रकल्पात 5,142 गावं होती, त्यांतली 932 या खारपाणपट्ट्यातली. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचं गणित आणि त्याची साधनं तयार करायला मुंबईच्या आयआयटीची मदत घेतली. चांगलंच झालं. पण पवईत बसलेल्या अभ्यासकाला लाखपुरीच्या शिवारात पाणी किती दिवस साचतं हे विचारायला इथल्याच माणसाला फोन करावा लागतो. त्या फोनवर उत्तर देणाऱ्या माणसाला गणितही येत असतं तर?

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. 2025 च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करा म्हणून सांगितलं. हमीभाव लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल होता, पण तो मिळवायचा तर आधी ओटीपी यायला हवा होता. 2017 च्या कर्जमाफीचे फॉर्म आठवा: नवरा-बायको दोघांचे अंगठे, सर्व्हर डाऊन, सेवा केंद्रासमोर रात्रीच्या रांगा. ही सगळी अ‍ॅपं कुठे ना कुठे मोठ्या शहरात बनली. पण कष्ट करून झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही, सातबाऱ्यावर 'पांडुरंग' आणि आधारवर 'पांडूरंग' असलं की अर्ज अडतो, हे सगळ्यांत आधी कळतं महा ई-सेवा केंद्रातल्या पोराला. देशातली कुठलीही कंपनी पैसे मोजून घेईल असं ते ज्ञान आहे. आपण त्याला एका फॉर्ममागे पाच-पन्नास रुपये देतो आणि वर "लवकर कर ना बे" म्हणतो.

म्हणून सुचवतो ते असं. या तालुक्यात आणि शेजारच्या चार तालुक्यांत खरेदीदार संस्था किती आहेत? बाजार समित्या, पतसंस्था, शिक्षणसंस्था, जिनिंग, खरेदी-विक्री संघ, दवाखाने, नगर परिषदा. यांतल्या प्रत्येकाकडे कसलं ना कसलं सॉफ्टवेअर आहे, आणि प्रत्येकाच्या जुन्या दप्तराचा ढीग कुठल्यातरी खोलीत पडलेला आहे. ही कामं एकेकटी किरकोळ, पण मिळून एका तालुक्यात पाच-सात माणसांच्या दोन-तीन कंपन्या जगतील एवढी आहेत. दोन-तीन म्हणतोय ते मुद्दाम. एकच असली तर ती मक्तेदार होते. दुसरी असली की माणूस इकडून तिकडे जातो, कामाची अक्कल पसरते, आणि मग चौथी कंपनी त्यांच्यातलाच कोणी काढतो.

यावर संचालक मंडळी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. "पोरं टिकतील काय? उद्या बंद पडलं तर?" रास्त प्रश्न. आज बाहेरची कंपनी बंद पडते तेव्हा काय करतो, हा उलट प्रश्नही तितकाच रास्त. उपाय आहेत: काम छोटं द्या, सोर्स कोड संस्थेकडे जमा ठेवायची अट घाला, पैसे टप्प्यानं द्या. दुसरी भीती कोणी बोलून दाखवत नाही, ती मी बोलतो. स्थानिकाला काम द्या म्हटलं की ते अध्यक्षांच्या भाच्याला जातं. भाचा हुशार असेल तर माझी हरकत नाही, पण मग दोन भाच्यांना समोरासमोर बसवून नमुना करून मागा आणि काट्यावरच्या त्या पोरालाही तिसरा म्हणून बोलवा.

आणि निविदेतल्या अटी बघा. 'तीन वर्षांचा अनुभव, इतक्या लाखांची उलाढाल' असं लिहिलं की गावातलं कोणी बसतच नाही. राज्य सरकारला हे समजलेलं आहे. 2018 पासून 'महाराष्ट्र स्टार्टअप वीक'मध्ये निवडलेल्या नवउद्योगांना 15 लाखांपर्यंतचे थेट कार्यादेश देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. मुंबईत जे चालतं ते जिल्हा परिषदेत, बाजार समितीत का चालू नये? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, बहुतेक ठिकाणी ठराव लागतो.

घाई मात्र करायला हवी. आतापर्यंत नवशिक्या पोरांना जे साधं कोडिंगचं काम मिळायचं, ते आता यंत्र करू लागलं आहे. हिंजवडीची नक्कल करायची वेळ निघून गेली. यंत्राला जे कळत नाही, म्हणजे इथला कापूस, इथलं पाणी, इथली बोली, इथल्या सातबाऱ्याच्या भानगडी, ते ज्याला कळतं आणि कोडही लिहिता येतं, त्याची किंमत पुढे राहील असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण यावर मी पैसे लावीन.

भाऊसाहेबांनी 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली तेव्हा शिकलेल्या कुणब्याच्या पोराला नोकरी कोण देणार, हे ठरलेलं नव्हतं. पण ते तिथेच थांबले नाहीत. पुढे सरकारात गेले, कृषिमंत्री झाले, सहकाराच्या मागे उभे राहिले. शाळा आणि बाजार, दोन्ही टोकं त्यांना हवी होती. पहिलं टोक आपण नेटानं सांभाळलं. महाविद्यालयं भरपूर झाली.

या सभागृहात पुढच्या दोन रांगांत निदान आठ-दहा संस्थांचे पदाधिकारी बसलेत, मी येताना पाहिलं. तुम्हाला विनंती आहे. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला: 'संस्थेचे एक संगणकीय काम तालुक्यातील तरुणांकडून करून घेणेबाबत.' रक्कम लहान ठेवा. ठराव मंजूर झाला तर तारखेसह त्याची प्रत या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे द्या. पुढच्या वर्षी इथे जो वक्ता येईल, त्याला आधी त्या प्रती वाचायला द्या आणि मगच बोलायला उभं करा.